समुद्र थिजला, गुण कापला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, ध्रुवीय साहसकथेतून वाचन शिकवण्याचा लेख वाचला. काल रागानं घडी घालून ठेवला होता, आज पुन्हा उघडला आणि राहवेना म्हणून लिहायला बसले. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या शॅकल्टन या दर्यावर्दीची गोष्ट चौथीच्या मुलांना सांगावी, हे लेखकमहाशयांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण गोष्टीआधी वीस शब्दांची यादी फळ्यावर लिहून अर्थ पाठ करून घ्यावेत, इथे मात्र मी कोपरापासून हात जोडले.

बरं, यादी तरी धड असावी! पहिलाच शब्द ‘हिमनग’ आणि खाली प्रश्न, ‘जहाज कशावर आदळले?’ अहो, आदळलं ते टायटॅनिक. शॅकल्टनचं जहाज एन्ड्युरन्स, ते कशावरही आदळलं नाही. जानेवारी १९१५ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रातल्या तरंगत्या बर्फानं त्याला चहूबाजूंनी धरलं, महिनोन्‌महिने आवळलं, चेपलं आणि २१ नोव्हेंबरला ते तळाला गेलं. शब्द शिकवायला निघायचं आणि पहिलाच शब्द चुकीच्या जहाजाचा!

ही गोष्ट मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं सांगितली. कार्डशीटवर मोठ्या अक्षरांत हातानं लिहून काढली होती. आमचा माण तालुका. पोरांनी समुद्र पाहिलेला नाही, बर्फ म्हणजे जत्रेतला गोळा. ‘समुद्र गोठला, जहाजही गोठलं’ या ओळीशी एक मुलगा थांबला. जोडाक्षराला अडखळणारा, म्हणून मागे बसणारा. म्हणाला, “बाई, गोठलं म्हंजी गोठ्यात बांधलं?” वर्ग खो खो हसला. खोटं कशाला सांगू, मीही हसले. मग त्याला विचारलं, थंडीत सकाळी खोबरेलाच्या बाटलीचं काय होतं रे? “थिजतं. आय चुलीपाशी ठेवती.” मग समुद्राचं काय झालं असेल? जरा वेळानं हळूच म्हणाला, “थिजला?”

पुढचा कागद त्यानं माझ्या हातातून ओढूनच घेतला. थिजलेल्या समुद्रात अडकलेल्या अठ्ठावीस माणसांचं पुढे काय झालं, हे आता त्याला माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. शीड, वल्ही, सुकाणू, सगळे शब्द बोट ठेवून ठेवून त्यानंच काढले. बावीस जण एलिफंट बेटावर उलट्या घातलेल्या दोन होड्यांखाली राहिले आणि सहा जण साडेबावीस फुटी होडीतून मदत आणायला निघाले, इथे आल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न, साडेबावीस फूट म्हणजे केवढं? व्हरांड्यात टेपनं मोजून खडूनं होडी काढली, आत सहा पोरं बसवली. “एवढ्यात झोपायचं कुठं, बाई?” एकानं विचारलं. यादी पाठ करणारं पोर हा प्रश्न कधी विचारेल, सांगा.

पुढे चाचणी झाली. ‘गोठणे’चा अर्थ लिहा. त्यानं लिहिलं, ‘थिजणे’. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर लाल फुली मारली. उत्तरसूचीत ‘बर्फ होणे’ होतं म्हणे! मी वाद घातला. “मॅडम, सूचीत नाही,” एवढंच उत्तर. मुकाट्यानं सही केली, त्याची चुटपुट अजून जात नाही. पोरानं पेपर बघून विचारलं, “थिजणं चूक आहे का, बाई?” तुमच्या लेखकांनी आता त्याला समजावून सांगावं.

आणि त्या लेखात मांजर कुठे आहे? जहाजावरच्या सुताराचं मांजर होतं, मिसेस चिप्पी नावाचं. (नाव बाईचं, होता बोका. पोरांना हे फार आवडतं.) जहाज सोडावं लागलं तेव्हा त्याला गोळी घालावी लागली. पोरं वाचताना आधी मांजराचं विचारतात, शॅकल्टनचं नंतर. ते गाळून तुम्ही शेवटी विचारता काय, तर ‘या कथेतून कोणते नेतृत्वगुण दिसतात?’ नऊ वर्षांच्या पोराला!

जाता जाता चित्राविषयी. जहाजाशेजारी पेंग्विन आणि त्याच्या बाजूला पांढरं अस्वल उभं केलंय. अंटार्क्टिकात अस्वलं नाहीत हो, ती उत्तरेला. चित्र छापण्याआधी एखाद्या चौथीच्या मुलाला दाखवलं असतं तरी चाललं असतं. पण मुलं तुमच्या पेपरकडे येणार कशी? शनिवारचं मुलांचं पान बंद करून तिथे क्लासची पानभर जाहिरात टाकलीत. त्यावर मी पत्र लिहिलं होतं, त्यातली नेमकी तीच तक्रार ‘जागेअभावी’ गाळलीत.

याही वेळी जागा कमी पडली तर अस्वल कापा, खोबरेल राहू द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. माण, जि. सातारा