स्वेटर आणि प्लेटलेट

पुणे, ३० ऑगस्ट

प्रिय विन्या,

आठ महिने पत्र नाही, त्याच्या शिव्या भेटीत घाल. तब्येत ठीक, शुगर काठावर.

गेल्या मंगळवारी रात्री दहाला रक्तपेढीतून फोन आला. डेंगी झालेला पोरगा, प्लेटलेट हव्यात, माझा गट जुळतो. गेलो. दीड तास यंत्राला जोडून पडलो होतो. रक्त बाहेर, प्लेटलेट काढून घ्यायच्या, उरलेलं परत अंगात. रक्त गोठू नये म्हणून घालतात त्या सायट्रेटने ओठांना मुंग्या येतात, मग कॅल्शियमची गोळी चघळायची. इथवर मी देवमाणूस.

बाहेर आलो, बिस्किटं संपली तरी बाकावर बसूनच. कशाला? तर कुणीतरी येऊन हात जोडेल म्हणून! तेवढ्यात त्या पोराची आई आली, ती पिवळट पिशवी घेतली आणि पळतच लिफ्टकडे गेली. माझ्याकडे बघितलंही नाही. आणि मला राग आला रे! घरी पोचेपर्यंत स्कूटरवर मनातल्या मनात तिला बोलत होतो.

तेव्हा तू आठवलास. होस्टेलच्या गच्चीवर म्हणायचास, "भिकाऱ्याला रुपया देतोस तो तुला बरं वाटावं म्हणून." त्यावरून मी चार दिवस अबोला धरला होता. (त्यात माझ्या स्वेटरचाही वाटा होता. तो अजून तुझ्याकडेच आहे.)

मी तुझ्या तोंडावर बाबा आमटे फेकायचो. पण बाबांनीच सांगून ठेवलंय की वरोऱ्यात, पावसात, गटाराकाठी पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम दिसला तेव्हा ते घाबरून पळाले. परत गेले ते स्वतःची भीती मोडायला. म्हणजे तुझीच बाजू, मान्य! तरी तुळशीरामची शुश्रूषा झालीच ना? त्या पोराच्या अंगातल्या प्लेटलेटना तरी माझा रुसवा कुठे कळतोय? पण खुपतं ते वेगळंच. बाबांचं जे काय देणं होतं ते त्यांनी स्वतःशीच फेडलं. मी मात्र वसुलीला बाकावर बसलो, तेही जिचं पोर आत तापाने फणफणतंय तिच्याकडून.

काल परत बोलावणं आलं. या वेळी चहा घेतला, सांगितला तेवढा वेळ बसलो आणि गुपचूप निघालो. घरीही बोललो नाही. रात्री मात्र कधी एकदा तुला लिहितो असं झालं होतं. हस लेका, हस.

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकटीची ॲडमिशन झाली का? आणि स्वेटर पाठव.

तुझा,
दिल्या