उलटी पुसायच्या आधी दोन मिनिटं तिच्याकडे बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत वाचकांच्या कुत्र्यामांजरांच्या फोटोंचं पान आलं होतं, आमच्या घरी सगळ्यांनी ते हातातून हातात फिरवून बघितलं. पण बघताना मला सारखं वाटत होतं की ह्या पानाच्या एका कोपऱ्यात त्यांच्या आजारपणाबद्दल चार ओळी आल्या तर किती बरं होईल, म्हणून हे पत्र लिहायला बसले. विषय ऐकायला चांगला नाही, कुत्र्याची उलटी. पण मे महिन्यात ह्याच एका गोष्टीकडे आम्ही नीट बघितलं नाही आणि आमचा शेरा जाता जाता वाचला.

शेरा म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर, वय ५ वर्षं. ज्यांच्याकडे लॅब आहे त्यांना सांगायला नको, समोर पडलेलं चावायच्या आधी गिळायचं हा त्याचा स्वभाव. आणि आमच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात मे महिना म्हणजे पडवीत आंब्याच्या आढ्या, मुंबईहून आलेली माणसं, रोज रस आणि परसात बाठ्यांचा ढीग. घाटावर कोय म्हणतात तोच आमचा बाठा.

पहिली उलटी मंगळवारी संध्याकाळी झाली. सासूबाई म्हणाल्या ऊन बाधलं असेल. सकाळी तो परसात जाऊन गवत खात होता ते बघून उलट बरंच वाटलं, कारण कुत्रं गवत खाऊन स्वतःचं पोट साफ करतं हे लहानपणापासून ऐकलेलं. मी ती उलटी बघितलीसुद्धा नाही, घरात पाहुणे, लगेच फिनेल टाकून फरशी पुसून घेतली. बुधवारी चार वेळा झाली. मग मेडिकलमधून माणसांना उलटीवर देतात ती गोळी आणली, अर्धी भाकरीतून दिली, आणि उलटी थांबली हो, आम्ही निर्धास्त झालो. गुरुवारी पहाटे तो पाणी प्यायला आणि पाच मिनिटांत तेवढंच पाणी बाहेर, परत प्यायला परत बाहेर, पाठीची कमान करून नुसता उभा राहायचा, आणि ताटाचा आवाज आला की गाढ झोपेतून उठून येणारा हा कुत्रा उकडलेल्या अंड्याकडे मान वळवेना.

तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर दिवसभर गाईम्हशींसाठी गावोगाव फिरत असतात, तरी ते जेवण अर्धं टाकून आले. दोन्ही हातांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, आतड्यात काहीतरी टणक लागतंय, माझ्याकडे सोनोग्राफी नाही, ऑपरेशनची सोय नाही, आत्ताच्या आत्ता कोल्हापूर गाठा. त्यांनी सलाईन लावून दिलं. मुलाने गाडी काढली, मी मागच्या सीटवर सलाईनची बाटली हातात धरून, शेराचं डोकं मांडीवर, असा तो अख्खा आंबा घाट चढलो.

एक्स-रेत बाठा धड दिसला नाही, लाकडासारख्या वस्तू त्यात बऱ्याचदा दिसतच नाहीत म्हणे, सोनोग्राफीत कळलं. आतड्याचा जवळजवळ वीतभर भाग काळा पडला होता, तो कापून टाकायला लागला. शेरा वाचला, आज पायाशी झोपलाय. पण कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला पहिलाच प्रश्न विचारला होता, पहिल्या उलटीत काय होतं? आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते म्हणाले, पहिल्या दिवशी आणला असता तर कदाचित नुसती चीर देऊन बाठा काढता आला असता. आणि त्या गोळीबद्दलही बोलले. आत काही अडकलेलं असताना उलटीची गोळी दिली की वरचं लक्षण झाकलं जातं आणि आतलं दुखणं वाढतच राहतं, त्यातल्या काही गोळ्या तर आतडं अजून जोरात ढकलायला लावतात. आम्ही निर्धास्त झोपलो ती अख्खी रात्र त्याचं आतडं काळं पडत होतं. हे मला अजून पचलेलं नाही.

तेव्हापासून मी आमच्या डॉक्टरांना विचार विचार विचारलं आणि वहीत लिहून ठेवलंय, त्यातलं महत्त्वाचं सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे ती उलटीच आहे का ते बघायचं. खरी उलटी येताना कुत्र्याला आधी मळमळतं, तो ओठ चाटतो, लाळ गाळतो, अस्वस्थ होऊन इकडेतिकडे फिरतो, मग पोट आत ओढून ओढून बाहेर काढतो. पण कधी कधी काहीच जोर न लावता, मान खाली घातली की खाल्लेलं जसंच्या तसं, न पचलेलं, लांबट गोळ्यासारखं बाहेर येतं, ही उलटी नाही, हे अन्न पोटात पोचलेलंच नाही, तो अन्ननलिकेचा आजार असू शकतो आणि त्याचा इलाज वेगळा. घाईघाईने खाल्ल्यावर एखाद्या वेळी तसं होतं, पण पुन्हा पुन्हा होत असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, तोंडी वर्णनापेक्षा त्याचा खूप उपयोग होतो.

मग रंग. पहाटे रिकाम्या पोटी पिवळा फेस आला आणि नंतर कुत्रा व्यवस्थित खेळतोय तर बहुतेक पित्त असतं, रात्री झोपायच्या आधी थोडंसं खायला दिलं की बऱ्याच कुत्र्यांचं थांबतं. लाल रक्त दिसलं किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही दिसलं तर ते पोटातलं रक्त, तिथे थांबायचं नाही. पिल्लाच्या उलटीत शेवयांसारखे पांढरे जंत दिसले तर जंताचं औषध लागणार, पण तेही वजन करून, डॉक्टरांकडून. आणि प्लॅस्टिक, कापड, दोरा, हाडाचा तुकडा दिसला तर आत अजून काय आहे ह्याची शंका घ्यायची. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबत असेल तर ओढू नका, आतडं चिरतं त्याने. फोटो काढा, नाहीतर थोडी उलटी डबीत घेऊन जा, डॉक्टरांना किळस वाटत नाही.

आता प्रत्येक उलटीला धावत सुटायचं का, तर नाही. मोठा, एरवी निरोगी कुत्रा एकदा ओकला आणि शेपटी हलवतोय, पाणी पोटात राहतंय, तर सहा ते बारा तास जेवण बंद ठेवायचं, पाणी बंद करायचं नाही, फक्त थोडं थोडं द्यायचं किंवा बर्फाचे खडे चाटायला द्यायचे. मग मऊ भात आणि उकडलेलं चिकन, हाड नाही, मीठमसाला तेल काही नाही, चार घास देऊन बघायचं, राहिलं तर दोन-तीन तासांनी परत. दूध देऊ नका, आमच्याकडे आजारी जनावराला आधी दूधच पुढे करतात पण बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही. पिल्लाला मात्र असं उपाशी ठेवायचं नाही, त्याच्या रक्तातली साखर पटकन उतरते.

पिल्लू दोन-तीन वेळा ओकलं, मलूल पडलं आणि घाण वासाची पातळ रक्ताची शी झाली तर तो पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा आजार, असू शकतो आणि तिथे तास मोजायचे असतात. आमच्या शेजारी गेल्या वर्षी दोन महिन्यांचं गावठी पिल्लू ह्यानेच गेलं, दात येतायत म्हणून होत असेल असं समजून दोन दिवस थांबले बिचारे. उपचार झाले नाहीत तर बहुतेक पिल्लं जातात आणि वेळेत सलाईन मिळालं तर बहुतेक वाचतात, एवढा फरक आहे. लस सहा ते आठ आठवड्यांची असताना सुरू करायची आणि सोळा आठवड्यांची होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यायची, एकाच इंजेक्शनवर थांबायचं नाही. हा विषाणू जागेवर महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे पिल्लू गेल्यावर लगेच त्याच अंगणात दुसरं आणू नका, आणि फरशी ब्लीचच्या पाण्याने धुवा, साध्या फिनेलने तो मरत नाही.

दुसरी तास मोजायची वेळ म्हणजे मोठ्या खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगणं. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन. ओकायचा प्रयत्न करतो, उमासे येतात, बाहेर फक्त फेस किंवा काहीच नाही, पोट ढोलासारखं, एका जागी बसवत नाही. ह्यात पोटाला पीळ पडलेला असू शकतो, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. तिसरं, ऑपरेशन न केलेली मादी, माजावर येऊन एकदोन महिने झालेत, खूप पाणी पितेय, खात नाही आणि ओकतेय, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. बाहेर काही दिसलं नाही तरी सोनोग्राफी करून घ्या.

घरातल्या घरात बघायला सोपं काय, तर हिरडी. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाली पाहिजे. पांढरी पडलीय, चिकट कोरडी झालीय किंवा पिवळी दिसतेय तर फोन उचला. पावसाळ्यात पिवळेपणा, ताप आणि उलट्या असं एकत्र दिसलं तर आमच्या भागात लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, विचार करावाच लागतो. उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतो तो, आणि तो माणसांनाही होतो, त्यामुळे अशा कुत्र्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला. त्याचीही लस आहे, दरवर्षी द्यायची.

आणि आपलं खाणं. इथे चूक आपलीच असते म्हणून जास्त लिहिते. गणपतीत शिऱ्यातले मनुके-बेदाणे कुत्र्याला प्रसाद म्हणून देतात, द्राक्ष आणि मनुका ह्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. कांद्यालसणाने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, शिजवलेला असला तरी. गटारीला मटणाची शिजलेली हाडं घालतात, ती आत टोकदार फुटतात. पावसात कणीस खाऊन उरलेलं बुरकुंड फेकतो, ते बाठ्यासारखंच आतड्यात बसतं. दिवाळीत चिवडा, चकली, तळणीचं उरलेलं, त्याने स्वादुपिंडाला सूज येऊन कुत्रा दिवसभर ओकत राहतो. शुगरफ्री च्युइंगममध्ये झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, असेल तर एखाद-दोन गोळ्यांनीही लहान कुत्र्याची साखर एकदम खाली येते. आणि लंगडतोय म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नका, त्याने पोटात अल्सर होतात.

विषारी काही खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून ओकवायचं ही पद्धत गावागावात आहे, कृपा करून करू नका. मिठाचीच बाधा होऊन कुत्रं जाऊ शकतं. ॲसिड, रॉकेल, फिनेल पोटात गेलं असेल तर ओकवताना ते घशाला दुसऱ्यांदा भाजतं, फुप्फुसात जातं. उंदराचं औषध खाल्लं तर त्याचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, कारण त्यात मुख्य दोन प्रकार असतात. एकात खाल्ल्यावर दोन-चार दिवस काहीच दिसत नाही आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो, त्यावर व्हिटॅमिन के हा चांगला उतारा आहे पण वेळेत. दुसऱ्यात, झिंक फॉस्फाईडमध्ये, पोटात विषारी वायू तयार होतो, तिथे भात-भाकरी खायला घातली तर तो वाढतो, आणि असा कुत्रा गाडीत ओकला तर काचा खाली घ्या, तो वायू आपल्यालाही बाधतो.

संपादक साहेब, आता तुमच्याकडे मागणं. मुंबईत परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे, त्याच आवारात १८८६ मध्ये व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं, तिथल्या माणसाला रात्री कुठे जायचं हे निदान माहीत असतं. आम्हाला त्या गुरुवारी कोल्हापुरात कोण रात्री ऑपरेशन करतं हे शोधायला पाऊण तास आणि अकरा फोन लागले, तेही आमच्या डॉक्टरांनी आणि भाच्याने मिळून केले म्हणून. तुम्ही रक्तपेढ्यांचे, ॲम्ब्युलन्सचे नंबर छापता तसे आठवड्यातून एकदा जिल्ह्यात आणि शेजारच्या जिल्ह्यात कुठे प्राण्यांचा एक्स-रे, सोनोग्राफी, ऑपरेशन होतं, रात्री कोण फोन उचलतं, एवढी एक चौकट छापा. माहिती गोळा करायला माणूस हवा असेल तर मी आणि माझा मुलगा करू, तालुक्याचे डॉक्टरही मदत करतो म्हणालेत.

आणि पशुसंवर्धन खात्याच्या अधिकाऱ्यांपर्यंत एवढं पोचवा की जिल्ह्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी मशीन आणि ते चालवणारा माणूस रात्रीसुद्धा असला पाहिजे. ते फक्त कुत्र्यांसाठी नको, अडलेल्या गाईम्हशींना आणि शेळ्यांनाही तेच लागतं.

आमच्या परसात आता झाकणाचा पिंप ठेवलाय, बाठे मोजून त्यात जातात, पाहुण्यांनासुद्धा सांगितलंय.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
जि. रत्नागिरी