सुमे, काम दिलं पण किल्ली ठेवली

सांगली, २६ ऑगस्ट, रात्रीचे साडेअकरा

सुमे,

आधी शिव्या घालून घे. फेब्रुवारीपासून तुझे तीन मेसेज पडून आहेत आणि तिन्हींना मी नुसता अंगठा दाखवलाय. वाढदिवसाला केकचं चित्र पाठवलं, ते पण दुसऱ्या दिवशी. फोनच करणार होते, पण फोनवर मी सगळं हसण्यावारी नेते, मग तू पण हसतेस आणि विषय तिथंच मरतो, म्हणून टाइप करत बसलेय. तब्येत बरी, बीपीची गोळी सुरू झाली. सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आता त्यांना फ्रीजवरची धूळ पण दिसते. झालं.

माझ्या सीए ऑफिसातली असिस्टंट पोरगी, हळदवाली, काम सोडून चाललीये गं. महिनाअखेर शेवटचा दिवस. घरी सांगितलं तर "दुसरी मिळेल की" म्हणून परत टीव्हीकडे तोंड. तुला सांगतेय कारण तू पण एकदा माझ्यामुळे बॅग उचलून निघाली होतीस. इचलकरंजी. येते त्यावर.

यावेळी मी खरंच ठरवलं होतं. ऑपरेशन मिरजेला २० तारखेला, म्हणजे नेमकं ३बीच्या (दर महिन्याचा जीएसटी रिटर्न) शेवटच्या दिवशी. (डॉक्टरांना म्हटलं २१ चालेल का, तर ते म्हणाले २१ तुम्हालाच चालेल, मला नाही.) मग हळदवालीला समोर बसवलं आणि सांगितलं, या महिन्याचे ३बी सगळे तुझे. खरेदी २बीशी, म्हणजे विकणाऱ्यांनी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांशी, जुळवायची, पार्टीच्या मागं लागून चलन भरून घ्यायचं, रिटर्न फाइल करायचा, मी बघणार पण नाही. चाळीस पार्ट्या. पोरीनं १९ पर्यंत २९ उरकले, आणि मला लई भारी वाटलं, जणू मीच काहीतरी केलंय. उरलेले अकरा म्हणजे बहुतेक २० तारखेशिवाय ज्यांच्या खिशातून पैसा निघत नाही ते. आपल्यावेळी पण तेच होते बघ, आता फक्त त्यांची पोरं गादीवर बसलीत.

आता गंमत ऐक. फाइल करताना ओटीपी येतो तो सगळ्यांचा माझ्या मोबाईलवर. आडत दुकानात फोन कुणी उचलत नाही, म्हणून मीच माझा नंबर टाकलेला पहिल्यापासून. हे सांगायचं कारण. खरं कारण तुला माहितीये.

ऑपरेशन नीट झालं, पण संध्याकाळी सासूबाईंचं बीपी वर गेलं म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. फोन सायलेंटवर, पर्स नणंदेकडे, मी खुर्चीत बसल्या बसल्या झोपले. सव्वाबाराला जाग आली तर १४ मिस्ड कॉल आणि शेवटी एक मेसेज, "मॅडम वेळ संपली, घरी जाते".

आणि सुमे, मी २१ला सकाळी ऑफिसात शिरल्या शिरल्या काय बोलले असेन? "अकरा राहिले कसे?" हेच. चप्पल पण काढली नव्हती.

ती उठली नाही, ओरडली नाही, काही नाही. स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "काम दिलंसा मॅडम, किल्ली तुमच्याकडंच ठेवलीसा." आणि मग, "ओटीपी सांगा, अकरा मिनिटांचं काम आहे." खरंच तेवढंच होतं. अकराही तयार, फक्त बटण दाबायचं बाकी. नऊ पार्ट्यांना एका दिवसाची लेट फी ५० रुपये, दोन निल होत्या (महिन्यात व्यवहारच नाही) त्यांना २०, एकूण ४९०. चलनं हिनं वेळेत भरून घेतलेली म्हणून व्याज पण नाही लागलं. म्हणजे तिच्या हातातलं सगळं तिनं केलेलं. ती लेट फी पुढच्या महिन्याच्या ३बीत आपोआप येऊन बसेल, तेव्हा नऊजण मला विचारतील आणि उरलेले दोघं तर २० रुपयांसाठी ऑफिसात येऊन चहा पिऊन जातील. भरीन मी माझ्या खिशातून. पण दुपारी चारला तिनं राजीनामा टेबलवर ठेवला.

मी म्हटलं ४९० रुपयांसाठी? तर म्हणते ४९०साठी नाही मॅडम, बिइंगसाठी.

हस. मला पण आधी कळलं नाही. ती टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एंट्री मारते आणि खाली नॅरेशन, म्हणजे एंट्री कशाची ते, तिच्या पद्धतीनं लिहिते, छोटं, कळेल असं. मी रात्री ती गेल्यावर बसून प्रत्येक नॅरेशनच्या आधी इंग्रजीतलं "बिइंग" (Being) लावते. रोज. दोन वर्षं. मला वाटायचं तिला कळत नसेल. आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या उमेदवारीत, सरांनी आपल्याला हिरव्या पेनानं बिइंग बिइंग करून बडवलं होतं ना, तेच माझ्या बोटात जाऊन बसलंय. त्या बिइंगनं एकाही पार्टीचा एक रुपया वाचलेला नाही. तरी संध्याकाळी सहानंतर ऑफिस रिकामं झालं की मला हुरूप येतो, आता सगळं नीट लावून टाकू म्हणून. हे लिहितानाच कसंतरी वाटतंय.

तू म्हणशील सही तुझी, जबाबदारी तुझी, मग बघायला नको का. अगं हेच मी स्वतःला सांगत आलेय. ऑडिट रिपोर्टवर सही माझी, यूडीआयएन (रिपोर्टवरचा तो नंबर) माझा, ते कुणाला देता येत नाही, मान्य. पण त्या एका सहीच्या आडोशाला मी काय काय लपवलंय बघ. कुरिअरच्या पावत्या मी लावते. झेरॉक्सवाल्याचा हिशोब मी करते. परवा शिपायाला सांगितलं बेदाणावाल्यांची फाइल आण, आणि तो उठायच्या आत मीच कपाटापाशी.

आता इचलकरंजी. ३१ मार्चची रात्र, सूतगिरणीचं गोडाऊन, ऑडिटसाठी माल मोजायचा, तू घाम गाळत सुताची पोती मोजलीस आणि मी तू चहाला गेल्यावर बॅटरी घेऊन परत मोजली. तू बघितलंस, भांडलीस, बॅग उचललीस, एसटी नव्हती म्हणून राहिलीस. दोन दिवस बोलली नाहीस, पुण्यात आल्यावर पण माझ्या डब्यातली चटणी खाल्ली नाहीस. मी तेव्हा म्हटलं होतं, तुझा आणि माझा आकडा सेम आला, मग कशाला चिडतेस. सुमे, सेम नव्हता आला. माझा चारनं कमी होता. घाबरून तिसऱ्यांदा मोजलं तर तुझाच बरोबर, चार पोती भिंतीकडच्या थप्पीमागं होती आणि तू ती वाकून बघितली होतीस. मी वाकलेच नव्हते. हे मी तुला कधीच सांगितलं नाही, तुझ्या लग्नात सांगणार होते पण तू आधीच रडत होतीस. आता घाल काय शिव्या घालायच्या त्या.

तर मी काय केलं, नवीन सिम घेतलं, एक डबडा फोन घेतला आणि एकेका पार्टीचा नंबर पोर्टलवर बदलायला बसले. नॉन-कोअर अमेंडमेंट, प्रत्येकीला वेगळी. तेरा झाल्या. परवा तो फोन नेऊन हळदवालीच्या टेबलवर ठेवला, काही न बोलता, म्हटलं समजेल. ती बघून म्हणाली, "मी महिनाअखेरपर्यंतच आहे मॅडम, ज्याला बसवणार त्याच्या टेबलवर ठेवा." फोन अजून तिथंच आहे, चार्जरला. तिनं चार्जर मात्र लावलाय. त्याचा काही अर्थ आहे का गं? नवरा म्हणतो अर्थ एवढाच की बॅटरी संपली होती.

तिला थांब म्हणू का? ३० सप्टेंबरची ऑडिटं डोक्यावर आहेत, ती नसली तर माझं कंबरडं मोडेल, आणि ते तिला पण माहितीये. म्हणजे आत्ता थांब म्हटलं तर तिला वाटणार ऑडिटसाठी म्हणतेय. आणि खरं सांगू, निम्मं ऑडिटसाठीच आहे. तू तिथं बारा जण कशी सांभाळतेस? त्यांनी तुझ्यापेक्षा वाईट केलेलं काम तू जाऊ कसं देतेस, पोटात कळ येत नाही का? थिअरी सांगू नकोस, नाहीतर मागच्यासारखी पीपीटी पाठवशील. एक दिवस काय करतेस ते सांग.

तुझं काय, घराचा ताबा मिळाला का, का बिल्डर अजून लिफ्टच लावतोय? लेकाचं कॉलेज? विचारायचं राहूनच जातं. काकूंना नमस्कार, गुडघे कसे आहेत त्यांचे. आणि तुझा तो साहेब बदलला की तोच आहे? आता आर्टिकलशिप दोनच वर्षांची झालीये, माहितीये ना, सरांनी ऐकलं असतं तर म्हणाले असते दोन वर्षांत पोरं टिक करायला पण शिकत नाहीत.

बारा वाजले. उद्या सकाळी तिच्याशी बोलणार आहे, बिइंगचं आधी, मग बाकीचं. तुझा रिप्लाय त्याआधी आला तर बरं, नाही आला तरी बोलेन.

पमी

ता. क. या पत्रात चुका असतील, परत वाचलं नाहीये. मुद्दाम.