चार फेऱ्या जास्त मारल्या, म्हणून संथ?

संपादक महोदय,

राष्ट्रीय ट्रॅक सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धेच्या बातमीत आपण महिलांच्या वैयक्तिक परस्यूटला (दोघी ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात आणि घड्याळाशी झुंजतात, ती शर्यत) दोन ओळी दिल्यात. त्यातही विजेतीची वेळ पूर्वीच्या विजेतीपेक्षा सव्वा मिनिटाने 'घसरली' असे छापले. ती घसरलेली नाही. २०२५ पासून महिलांची ही शर्यत ३००० ऐवजी ४००० मीटरची झाली आहे, म्हणजे २५० मीटरच्या ट्रॅकवर १२ ऐवजी १६ फेऱ्या. जादा चार फेऱ्यांनाच सव्वा मिनिट लागते. अमेरिकेची सायकलपटू क्लोई डायगर्ट हिने २०२० मध्ये बर्लिनला नोंदवलेली तेव्हाची विश्वविक्रमी ३ मिनिटे १६.९३७ सेकंद ही वेळसुद्धा ३००० मीटरचीच. आजच्या कुठल्याही मुलीपुढे ती ठेवता येणार नाही.

मी ही शर्यत खेळले आहे, जुन्या अंतराची. सायकलला ब्रेक नाही, गिअर एकच, पाय थांबवायची सोय नाही. मागचे चाक सुरुवातीच्या गेटमध्ये धरलेले, समोर उलटे मोजणारे घड्याळ, आणि प्रतिस्पर्धी ट्रॅकच्या बरोबर पलीकडच्या बाजूला. शर्यतभर ती मला दिसली नाही. दिसायची फक्त ट्रॅकच्या आतल्या कडेजवळची, अंतर मोजायची काळी रेघ. वळणावर तिच्यापासून वर गेले की तेवढे अंतर फुकट वाढते. माझे प्रशिक्षक सर ट्रॅकच्या कडेला, माझ्या बाजूच्या समाप्तीरेषेपाशी उभे राहायचे. ठरलेल्या वेळेपेक्षा मी पुढे असले की ते रेषेच्या पुढे दोन पावले, मागे पडले की मागे. एका अंतिम शर्यतीत, सुरुवातीचा लॅप (ट्रॅकची एक फेरी) सोडला तर, पाचव्या लॅपपर्यंत प्रत्येक लॅपला मी १९ सेकंदांच्या आत होते. नवव्या लॅपला २१ लागले, आणि वळण संपताना सर रेषेच्या पार मागे दिसले. ती शर्यत मी तिथेच हरले. दुसऱ्या दिवशी पेपरात फक्त 'रौप्य' होते.

ऑलिंपिकमध्ये महिलांची ही शर्यत १९९२ पासून २००८ पर्यंतच होती. त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेची बातमी हीच बहुतेक मुलींची एकमेव छापील नोंद असते. माझे कात्रण अजून वहीत आहे.

तेव्हा तुलना दुरुस्त करावी. आणि पुढच्या वेळी नाव व पदकाबरोबर अंतर, पात्रता फेरीतली वेळ आणि जमल्यास प्रत्येक लॅपची वेळ द्यावी. पंचांच्या निकालपत्रकात ती मिळू शकते. जागा चार ओळींची लागेल.

— एक माजी ट्रॅक सायकलपटू