एकच पिन, पंचवीस यार्डांवर

बोरिवली, मुंबई
14 सप्टेंबर 2025

प्रिय पक्या,

जूनपासून तुझ्या एकाही मेसेजला धड उत्तर दिलेलं नाही. राग होता म्हणून दिलं नाही. तू धनुष्याने शिकार करायचं लायसन्स काढलंस म्हणून सांगितलंस आणि मी फोनवर तुला नको ते बोललो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून जे केलं की माणूस आत जातो, ते तू तिथे मिशिगनमध्ये रीतसर करणार, हे पचेना. वहिनी फोन हिसकावून घेत होती तरी तू बोलत होतास, मीही थांबलो नाही. तो वाद मिटलाय असं मी म्हणणार नाही. पण काल रात्री तुझा फोटो आला, पाच पिनांची साइट (धनुष्यावर नेम धरायचं कडं, प्रत्येक पिन एका अंतराची) आणि खाली एक ओळ: "परत करून सिंगल पिन घेऊ का? 1 ऑक्टोबरला सीझनचं ओपनिंग आहे." सतरा दिवस राहिले. हा प्रश्न तू दुसऱ्या कुणाला विचारणार? सर असते तर त्यांना विचारला असतास.

तब्येत ठीक. आईचं बीपी आटोक्यात आहे. पाऊस अजून कोसळतोच आहे.

आधी उत्तर. साइट परत करू नकोस. नवीन काही घेऊ नकोस. आहे त्याच साइटच्या चार पिना काढ, एक ठेव, ती 25 यार्डांवर बसव आणि 30 च्या पलीकडे बाण सोडायचा नाही असं ठरव. आता सविस्तर ऐक, कारण तू मान डोलावणारा नाहीस. वडापाव चार घ्यायचे की पाच यावर तू दादरला अख्खी लाइन अडवून धरायचास.

ऑगस्ट 2023 मध्ये ओजस देवतळेने बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलला 150 पैकी 150 मारले, त्याच दिवशी साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली, तेव्हा मी तुला फोन करून ओरडत होतो की बघ, एकच ठिपका, एकच नेम, पाच पिनांचा बाजार हवाय कशाला. तू म्हणालास, "मैदान वेगळं, जंगल वेगळं." तेव्हा मी ऐकलं नाही. तुझं बरोबर होतं. मैदानावर अंतर आधीच ठरलेलं असतं: कम्पाउंडला, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याला, 50 मीटर, पहिल्या बाणापासून शेवटच्यापर्यंत. उजेड लख्ख असतो आणि टार्गेट चालत नाही. जंगलात अंतर हरीण ठरवतं. म्हणून तिथले लोक 20, 30, 40, 50, 60 अशा पिना लावतात, म्हणजे साइटला हात न लावता पिन निवडायची आणि सोडायचं. दुसरे लोक स्लायडर घेतात: एक पिन, बाजूला चाक, अंतर मोजायचं, चाक फिरवायचं, मग सोडायचं. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. घोळ होतो तो पहिल्या वर्षाच्या, हात थरथरणाऱ्या माणसाचा.

तुझा बाण सेकंदाला 280 फूट जातो असं तूच लिहिलंयस. त्यावरून हिशेब मांडला, बाण डोळ्याच्या रेषेच्या 4 इंच खाली धरून. हवेचा अडथळा धरलेला नाही, तेव्हा लांबवर खरा बाण याहून जरा खालीच जाईल. पिन 25 यार्डांवर बसवली तर 10 यार्डांवर बाण जेमतेम एक इंच वर लागतो, 15 आणि 20 वर दीड-पावणेदोन इंच वर, 30 वर अडीच इंच खाली. 35 वर मात्र सहा इंच खाली आणि 40 वर जवळजवळ अकरा. व्हाइटटेल हरणाच्या छातीतली नेमकी जागा, फुप्फुसं नि हृदय, म्हणजे आठ-नऊ इंचांचं वर्तुळ, मध्यापासून कडेपर्यंत चार इंच. तुझा 30 यार्डांवरचा ग्रुप, म्हणजे बाणांचा पुंजका, तीन इंचांचा, म्हणजे मध्यापासून दीड. अडीच अधिक दीड, चार. 30 वर तुझी सगळी शिल्लक संपते. 30 चा आकडा मी इथूनच काढलाय.

आता स्लायडर घेतलास, चाक 40 वर फिरवलेलं आहे आणि ते परत आणायला विसरलास, असं धर. हरीण 20 वर आलं. बाण सात इंच वर जाईल, पाठीच्या मासातून नाहीतर पाठीवरूनच. पाच पिनांच्या साइटवर घाईत चाळीसची पिन लावलीस तरी तेच सात इंच. एकात विसरायची सोय, दुसऱ्यात चुकायची सोय. पिन एकच आणि हलतच नाही म्हटल्यावर या दोन्ही चुकांना जागाच उरत नाही. मला भीती फक्त याचीच आहे, पक्या. नेम पूर्ण चुकला आणि हरीण पळालं तर मी रात्री शांत झोपेन. अर्धवट लागून ते रानात तीन दिवस फिरलं तर तूही झोपणार नाहीस आणि मीही.

30 वर अडीच इंच खाली जातो म्हणून पिन वर धरायचा मोह होईल. धरू नकोस. स्ट्रिंगचा आवाज 30 यार्डांवर सेकंदाच्या आठ शतांशात पोचतो, बाणाला बत्तीस शतांश लागतात. मधल्या पाव सेकंदात हरीण उसळी घ्यायला आधी गुडघे दुमडून खाली बसतं. खाली जाणारा बाण आणि खाली बसणारं हरीण यांची गाठ पडते. पिन छातीच्या मध्यावरच ठेव. जवळच्या अंतरावर बाण वर लागतो, तिथे जरा खाली धरलेलं बरं.

पिना काढायचं काम. सगळ्या वरची किंवा सगळ्या खालची पिन ठेवू नकोस. हाउसिंगच्या, म्हणजे पिनांभोवतीच्या गोल कड्याच्या, मध्याच्या सगळ्यात जवळची ठेव. पीपच्या (स्ट्रिंगमधल्या, ज्यातून बघतोस त्या भोकाच्या) गोलात हाउसिंगचा गोल बसवतोस तेव्हा पिन आपोआप मध्यावर आली पाहिजे. (पाच पिनांवर लोक जी वापरायची ती पिन पीपच्या मध्यावर आणतात, मग प्रत्येक अंतराला अँकर, म्हणजे चेहऱ्यावर हात टेकायची जागा, बदलतो. मध्यावर हाउसिंगच आणायचं, पिन नाही.) बाकीच्या पिनांचे स्क्रू सैल करून उजेड गोळा करणारं फायबर वाटेतून हळू सोडव. वाकवलंस की कडकन मोडतं आणि मोडलेल्या फायबरची पिन संध्याकाळी आंधळी. रंग हिरवा असेल तर उत्तम, लाल असेल तर बदल. उजेड कमी झाला की लाल डोळ्याला आधी दिसेनासा होतो. जाडी .019 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, पुरे. 25 यार्डांवर ती जेमतेम अर्धा इंच झाकते. .010 घेशील तर संध्याकाळी शोधत बसशील.

मग लेव्हल. धनुष्य व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धर आणि शेजारी ओळंबा सोड, गवंड्याचा असतो तसा, दोरी आणि वजन. रायझर, म्हणजे धनुष्याचा मधला दांडा, ओळंब्याला समांतर असताना साइटचा बुडबुडा मध्यावर आला पाहिजे, ही झाली सेकंड ॲक्सिस. थर्ड ॲक्सिस लोक सोडून देतात आणि मचाणावर फसतात. धनुष्य पूर्ण ओढून खाली झुकव, समोर ओळंब्याची दोरी, हाउसिंगची उभी कड दोरीला लाव आणि बुडबुडा कुठे जातो ते कुणाला तरी बघायला सांग. हे करताना बाण लावलेला असू दे, समोर टार्गेट असू दे, बोट स्ट्रिंग सोडायच्या ट्रिगरपासून लांब. रिकामी स्ट्रिंग सुटली तर लिंब, म्हणजे धनुष्याची वाकणारी पट्टी, फुटू शकते. थर्ड ॲक्सिस चुकलेली असेल तर सपाटीवर सगळं सरळ लागतं आणि उतारावर बाण डावीकडे-उजवीकडे जातो. मग माणूस आपल्या हाताला दोष देतो.

मचाणाच्या उंचीची काळजी तू लिहिली होतीस. 20 फुटांवर बसून बुंध्यापासून 20 यार्डांवरच्या हरणाकडे तिरकं मोजलंस तर 21 यार्ड भरतात. एका यार्डाने काही होत नाही. फक्त खांदे खाली टाकून नेम धरू नकोस, कमरेतून वाक. आणि हार्नेस, म्हणजे झाडाला बांधून घ्यायचे पट्टे, जमिनीवरून चढायला लागल्यापासून अडकव. वर पोचल्यावर नाही.

साइट बसवताना 20 पासून सुरुवात कर, मग 25. तीन बाणांचा ग्रुप बघून हलव, एका बाणावर नाही. बाण जिकडे, साइट तिकडे: खाली लागला तर साइट खाली, डावीकडे लागला तर डावीकडे. साइटवरचा एक मिलिमीटर म्हणजे 25 यार्डांवर एक इंच, म्हणून एका वेळी केसभरच. जागेवर आलं की स्क्रू आवळून पांढऱ्या पेंटने स्क्रू आणि पट्टी यांच्यावर आडवी रेघ ओढ. रेघ तुटलेली दिसली की साइट हलली. शेवटचा आठवडा खऱ्या ब्रॉडहेडनेच, म्हणजे शिकारीच्या पात्याच्या टोकानेच, मार. फील्ड पॉइंट, म्हणजे सरावाचं साधं टोक, मधोमध आणि ब्रॉडहेड चार इंच डावीकडे असं झालं तर साइट हलवू नकोस, आधी रेस्ट (बाण टेकतो तो भाग) बघ. नाही जुळलं तर ब्रॉडहेडवर साइट बसव, हरणावर तेच सुटणार आहेत. आणि घालणार तेच जाड जॅकेट घालून, खुर्चीत बसून, उंचावरून मार. बाही स्ट्रिंगला घासते, तोंडावरचा मास्क अँकर हलवतो.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. सूर्यास्तानंतर अर्धा तास तुम्हाला परवानगी आहे, पण त्या अर्ध्या तासात आधी पिन बुजत नाही, पीप बुजतो. पिन चमकत असते आणि पीपमधून हरीण राखाडी डाग होऊन जातं. 3/16 इंचाचा पीप असेल तर 1/4 चा बसव आणि हाउसिंग त्याच्याशी जुळतं का बघ. पीप बदलला की साइट पुन्हा बसवावी लागेल, म्हणून हे सगळ्यात आधी कर. डाग दिसायला लागला की खाली उतर.

मचाणावर बसल्या बसल्या रेंजफाइंडरने चार झाडांची अंतरं मोजून ठेव. तिसाव्या यार्डावरचं झाड ही तुझी वेस. वेशीपलीकडचं हरीण फक्त बघायचं.

पुढच्या वर्षी 40 पर्यंत जायचं असेल तर काढलेल्या पिना जपून ठेवलेल्या असतीलच. 20, 30, 40 अशा तीन लाव. मधल्या फटी तुझ्या वेगाला साधारण चार आणि पावणेपाच मिलिमीटर येतील. खालची फट वरच्यापेक्षा मोठीच हवी. नसेल तर एक पिन चुकीची बसलीय. तीनच. चौथीचा फोटो पाठवलास तर उत्तर देणार नाही.

मुलीच्या कॉलेजचं ऐकून आनंद झाला, तिला सांग. नव्या घराच्या गॅरेजचं माप कळव. काकूंना गणपतीत ठाण्याला जाऊन भेटलो, गुडघा बराच बरा आहे, तू शिकार करतोस हे त्यांना मी सांगितलेलं नाही. बंड्याने पुन्हा धनुष्य हातात घेतलंय, 2028 च्या ऑलिंपिकमध्ये कम्पाउंड मिक्स्ड टीम आल्यापासून आमच्याकडे पोरांची रांग लागलीय.

26 तारखेच्या आत मला तीन फोटो हवेत: 20, 25 आणि 30 यार्ड, ब्रॉडहेडने, पिन तीच, मध्यावर धरून. 30 चा ग्रुप तीन इंचांच्या पुढे गेला तर 1 तारखेला मचाणावर कॅमेरा घेऊन जा.

तुझा,
नंदू

ता.क. स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लाव, लाल नको. लाल सोडवायला गरम करावं लागतं आणि तेवढ्या उष्णतेत शेजारचं फायबर वितळेल.