मिलानहून, ७ डिसेंबर

ती. बाबा,
सा. न.

काल फोनवर आवाज तुटत होता म्हणून लिहितेय. आज इथे सुट्टी, मिलानच्या संताचा दिवस, संत आंब्रोजो. सकाळी त्याच्या चर्चमध्ये जाऊन आले. तळघरात काचेमागे त्याचा सांगाडा ठेवलाय, बिशपचे कपडे घालून, शेजारी दोन हुतात्मे. भीती वाटेल असं वाटलेलं पण तुमचीच आठवण आली.

कारण हा आधी सरकारी अधिकारी होता बाबा! रोमन राज्यात या भागाचा गव्हर्नर, आपल्याकडच्या कमिशनरसारखा. ३७४ साली इथला बिशप वारला आणि पुढचा कोण यावरून ख्रिश्चनांच्याच दोन गटांत जुंपली, हा शांतता राखायला गेला तर गर्दीतून एक लहान पोर ओरडलं म्हणतात, आंब्रोज बिशप, झालं, सगळे तेच ओरडायला लागले. त्याचा तेव्हा बाप्तिस्मासुद्धा झाला नव्हता. खूप टाळलं त्याने, पण शेवटी ७ डिसेंबरलाच बिशप झाला. पुढे गॉथ लोकांनी धरून नेलेल्या माणसांना सोडवायला चर्चची सोन्याचांदीची भांडी मोडली, विरोधक तुटून पडले तरी मागे हटला नाही.

पण मला लागलं ते ३९० चं. ग्रीसमधल्या थेस्सलोनिका शहरात लोकांनी एका सेनाधिकाऱ्याला मारलं, कारण काय तर त्याने त्यांच्या आवडत्या रथ हाकणाऱ्याला कैदेत टाकलेलं. सम्राट थिओडोसियस भडकला आणि तिथे हजारोंची कत्तल झाली, दोषी कोण निर्दोष कोण कुणी बघितलं नाही. आंब्रोजने चारचौघात तमाशा केला नाही. तब्येतीचं कारण सांगून शहराबाहेर गेला आणि सम्राटाला पत्र लिहिलं, लेखनिकाला न देता स्वतःच्या हाताने, की हे फक्त तुम्हीच वाचा. पश्चात्ताप करा, तोवर तुमच्यासमोर मी वेदीवर विधी करू शकत नाही. आणि सम्राटाने राजवस्त्रं उतरवून चर्चमध्ये सगळ्यांदेखत रडून क्षमा मागितली.

तुम्ही पुराच्या वर्षी खोट्या पंचनाम्यावर सही केली नव्हती, साहेबांना हाताने पत्र लिहिलेलं, आणि मग बदली. मी तेव्हा सातवीत, शाळा सुटली म्हणून तुमच्याशी बोलत नव्हते. त्या पत्राची कार्बन कॉपी ट्रंकेत आहे असं आई म्हणायची. असेल तर फोटो पाठवायला सांगा ना दादाला, मी कधी वाचलंच नाही ते.

तुमची,
बेबी