अण्णा, वाटेत खवलं गेलं तर बक्षीस जातं का

ती. अण्णांना नमस्कार,

परवा फोनवर तुम्ही विचारलं, स्पर्धेला एवढ्या लांब मासे नेता तर वाटेत लागलं-बिगलं तर काय, अन् तेवढ्यात आवाज तुटायला लागला, म्हणून सगळं लिहूनच काढायलोय.

जपानातल्या आमच्या ओजिया गावाहून टोकियो म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वरच, मधी डोंगरातून ११ किलोमीटरचा बोगदा. निघायच्या आधी काही दिवस कोईचं, म्हणजे या रंगीत शोभेच्या माशांचं, खाणं बंद करतो, नाहीतर पिशवीतलं पाणी घाण होतं. पिशवीत मासा बुडंल एवढंच पाणी अन् वर सगळा ऑक्सिजन, आणि खोकं गाडीत असं लावायचं की मासा गाडीच्या दिशेला आडवा राहिला पाहिजे, म्हणजे ब्रेक लागला तरी नाक आदळत नाही. इथले म्हातारे तर २००४ च्या २३ ऑक्टोबरचा भूकंप सांगतात, इथल्याच यामाकोशी या कोई पाळणाऱ्या डोंगरी गावाचे रस्तेच तुटले अन् मासे हेलिकॉप्टरनं काढावे लागले, तुम्ही किल्लारी बघितलंय, तुम्हाला काय सांगू.

एवढं जपूनही यावेळी आमच्या कोहाकूचं, पांढऱ्या अंगावर लाल डाग असतात तो, खांद्याजवळचं एक खवलं निघालं, शेपटीला चीर गेली अन् सगळं पांढरं अंग गुलाबी पडलं. माझा जीव टांगणीला. जज आले, मासा बाहेर काढत नाहीत, टबात वरूनच बघतात. त्या खवल्यापाशी जरा वाकले अन् पुढं गेले, कारण ते आधी बांधा बघतात, मग कातडीचा कस, मग रंगाची मांडणी. खवलं परत येतं, चीर भरते, गुलाबीपणा ताणामुळं असतो, मासा निवांत झाला की उतरतो. तोंड वाकडं असंल, कल्ल्यावरचं झाकण आखूड असंल, कणा वाकलेला असंल तर मात्र गय नाही, ते काही गाडीत झालेलं नसतं. जखम चिघळलेली असली तर तो आजारच धरतात.

माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी बैल टेंपोतून उतरताना गुडघ्याला खरचटला म्हणून कुणी त्याला नावं ठेवत नाही, पण पायच मुळात वाकडा असला तर कोण हात लावंल, तसंच हे.

असागी जातीत मात्र पाठीवरची निळसर खवल्यांची जाळी हीच सगळी शोभा, तिथं एक खवलं गेलं तरी लगेच डोळ्यात खुपतं. आणि दोन मासे तोडीस तोड असले तर न लागलेलाच वर जातो. मला ते पटतं, बक्षीस त्या दिवशी समोर दिसतो त्या माशाला असतं. पण जज समजून घेतात म्हणून कुणी मासे कसेही कोंबून आणले की माझं डोकं फिरतं, मुका जीव आहे, त्याला दुखतंय हे तो कुणाला सांगणार.

आपला कोहाकू त्याच्या साईजमधी दुसरा आला. पहिल्याचा बांधा खरंच भारी होता, खवल्याचा काही संबंध नव्हता.

आईला नमस्कार सांगा, अन् दादाला म्हणा हळदीला काय भाव लागला ते कळव.

तुमचा,
बाळू